पशुरोग प्रयोगशाळांची माहिती एकाच भाषेत का हवी?

लाळ्या-खुरकूत रोगासाठी एखाद्या गायीचे रक्तजल तपासले आणि अहवालावर ‘पॉझिटिव्ह’ असा शेरा आला, तर ती बातमी चांगली की वाईट? उत्तर चाचणी कोणती केली यावर अवलंबून आहे. विषाणूच्या बाहेरच्या आवरणातील प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर बहुधा लस लागू पडली असा अर्थ होतो आणि पशुपालकाने निश्चिंत व्हावे. पण विषाणू शरीरात वाढतानाच तयार होणाऱ्या, आवरणात नसणाऱ्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडली, तर त्या जनावराला प्रत्यक्ष लागण होऊन गेल्याची शंका घ्यावी लागते. चांगली शुद्ध केलेली लस ही दुसऱ्या प्रकारची प्रतिपिंडे सहसा तयार करत नाही, म्हणून हा फरक ओळखता येतो.

आता कल्पना करा, एका जिल्ह्याने पहिल्या चाचणीचे निकाल पाठवले, शेजारच्या जिल्ह्याने दुसऱ्या चाचणीचे, आणि मुख्यालयातील तक्त्यात दोन्हीकडे रकाना एकच: ‘लाळ्या-खुरकूत पॉझिटिव्ह’. आकडे अचूक, बेरीज अचूक, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. प्रयोगशाळांची माहिती प्रमाणित स्वरूपात असावी असे म्हणतात ते याचसाठी.

नमुन्याबरोबर काय काय जावे लागते?

गोठ्यातून निघालेला नमुना बर्फाच्या पेटीतून तालुक्याच्या दवाखान्यात, तिथून जिल्ह्याच्या रोगनिदान प्रयोगशाळेत आणि गरज पडल्यास विभागीय प्रयोगशाळेत जातो. पश्चिम विभागाची अशी प्रयोगशाळा पुण्यात औंध येथे आहे. बर्ड फ्लूसारख्या रोगांचे अंतिम निदान भोपाळच्या राष्ट्रीय संस्थेत होते. या प्रवासात नळी सहसा टिकते, हरवते ती तिच्याबरोबरची माहिती. चिठ्ठीवर मालकाचे नाव आणि ‘तांबडी गाय, पिंपळगाव’ एवढेच असले, तर निदान होते, पण नकाशावर टिंब देता येत नाही. पिंपळगाव नावाची गावे महाराष्ट्रात किती आहेत हे टपाल खात्याला विचारावे!

म्हणून किमान काही गोष्टी प्रत्येक नोंदीत ठरलेल्या पद्धतीने याव्या लागतात. जनावराची ओळख, प्रजाती व वय, गावाचा सरकारी संकेतांक, नमुना घेतल्याची तारीख (प्रयोगशाळेत पोहोचल्याची नव्हे), नमुन्याचा प्रकार, चाचणीची पद्धत, निकाल आणि लसीकरणाचा इतिहास. यातली तारीख किरकोळ वाटते. पण नमुने साठवून आठवड्यातून एकदा तपासणाऱ्या प्रयोगशाळेने तपासणीची तारीख नोंदवली, तर दर आठवड्याला एका दिवशी साथ उसळल्याचे चित्र दिसते.

लसीकरणाचा रकानाही असाच. सांसर्गिक गर्भपात म्हणजे ब्रुसेलोसिस. त्याची लस ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना देतात आणि तिच्यामुळे रक्ततपासणी काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकते. लस दिल्याची नोंद नसेल, तर निरोगी कालवड रोगी ठरते.

भारतात ओळखीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटण्याच्या मार्गावर आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा पिवळा बिल्ला मारला जातो. त्याची नोंद आधी ‘इनाफ’ प्रणालीत होत असे, आता ती ‘भारत पशुधन’मध्ये होते. महाराष्ट्रात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर १ जून २०२४ पासून बंदी आली. बिल्ल्याचा उपयोग ऊसतोडीच्या हंगामात सर्वाधिक कळतो. बीडचा बैल कोल्हापूरच्या फडावर आजारी पडला आणि नमुना तिथेच घेतला, तर रोग कोल्हापूरचा मोजायचा की बीडचा? बिल्ल्याचा क्रमांक आणि नमुना घेतल्याचे ठिकाण, दोन्ही वेगवेगळे नोंदवले असतील तरच उत्तर मिळते.

एक चाचणी, एक संकेतांक

अमेरिकेत पशुआरोग्य प्रयोगशाळांचे राष्ट्रीय जाळे २००२ मध्ये उभे राहिले. या जाळ्याने माणसांच्या वैद्यकातील तयार संकेतावल्या उचलल्या. ‘लॉइंक’ या यादीत कोणती चाचणी केली याला क्रमांक असतो, ‘स्नोमेड-सीटी’मध्ये रोगजंतू, प्रजाती, नमुना यांना क्रमांक असतो आणि ‘एचएल-७’ हा संगणकांनी आपसांत निरोप धाडण्याचा ठरलेला साचा आहे. थोडक्यात, प्रश्न, उत्तर आणि पाकीट, तिन्ही ठरलेले. प्रयोगशाळेने आपले सॉफ्टवेअर बदलण्याची गरज नसते, फक्त बाहेर जाणारा निकाल या साच्यात भाषांतरित करावा लागतो. हे काम कंटाळवाणे असते आणि चाचणीचे नवे किट आले की पुन्हा करावे लागते. अशा कामासाठी माणूस ठेवायचा विसर पडला की यंत्रणा मोडते, असे माझे मत आहे.

संकेतांक जुळले तरी चाचणीचा दर्जा जुळतोच असे नाही. पीसीआर चाचणीत किती आवर्तनांनंतर विषाणू दिसला यावरून निकाल ठरतो. एका प्रयोगशाळेची मर्यादा ३५ आणि दुसरीची ४० असेल, तर तोच नमुना एकीकडे निगेटिव्ह आणि दुसरीकडे पॉझिटिव्ह होईल. म्हणून सगळ्या प्रयोगशाळांना ओळख न सांगता सारखे नमुने पाठवून त्यांची परीक्षा घेतात.

गायींतील बर्ड फ्लू

माहिती दिली, पण अर्धवट दिली, तर काय होते याचे अलीकडचे उदाहरण अमेरिकेचेच आहे. २५ मार्च २०२४ रोजी टेक्सास आणि कॅन्सस राज्यांतील दुभत्या गायींमध्ये एच५एन१ हा बर्ड फ्लूचा विषाणू सापडल्याचे जाहीर झाले. २१ एप्रिलला तिथल्या कृषी खात्याने विषाणूंच्या दोनशेहून अधिक जनुकीय क्रमवाऱ्या सर्वांसाठी खुल्या केल्या. पण नमुना कोणत्या राज्यातला आणि कोणत्या तारखेचा, हे त्यांत नव्हते. ‘अमेरिका, २०२४’ एवढेच. शास्त्रज्ञ नाराज झाले, कारण विषाणूची वंशावळ मांडता येत होती, तो कुठून कुठे गेला हे मात्र सांगता येत नव्हते. तरीही या माहितीवरून ती साथ पक्ष्यांमधून गायींत झालेल्या एकाच शिरकावातून, २०२३ च्या अखेरीस सुरू झाल्याचा अंदाज बांधता आला. म्हणजे जाहीर होण्याआधी काही महिने विषाणू गोठ्यांतून फिरत होता. २४ एप्रिलला आदेश निघाला आणि दुभत्या गायी दुसऱ्या राज्यात नेण्याआधी तपासणी, तसेच पॉझिटिव्ह निकाल कळवणे प्रयोगशाळांना बंधनकारक झाले.

निगेटिव्ह निकालही हवेत

भारतात २००९ च्या कायद्यानुसार अनुसूचीतील रोगाची शंका आल्यास मालकाने कळवणे बंधनकारक आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या सदस्य देशांनी नव्याने उद्भवलेल्या रोगाची खात्री झाल्यावर २४ तासांत सूचना द्यायची असते. ही संघटना १९२४ मध्ये स्थापन झाली. त्याआधी १९२० मध्ये आपल्या उपखंडातून ब्राझीलला निघालेली गुरे बेल्जियममधील अँटवर्प बंदरातून गेली आणि तिथे बुळकांडीची साथ पसरली, हे तिच्या स्थापनेचे निमित्त ठरले.

कायदे मात्र सापडलेल्या रोगाबद्दलच बोलतात. देखरेखीसाठी न सापडलेला रोगही मोजावा लागतो. शंभर नमुन्यांत दहा पॉझिटिव्ह आणि दहा हजारांत दहा पॉझिटिव्ह यांत मोठा फरक आहे, पण फक्त पॉझिटिव्ह पाठवले तर दोन्हीकडे दहाच दिसतात. शिवाय तपासणी करणारा जिल्हा रोगट आणि न करणारा निरोगी ठरतो. महाराष्ट्रासह काही राज्यांना लाळ्या-खुरकूतमुक्त क्षेत्र म्हणून मान्यता मिळवण्याचा केंद्राचा प्रयत्न आहे. रोग नसल्याचे सिद्ध करायचे तर हजारो निगेटिव्ह निकाल ठिकाण-तारखेसह दाखवावे लागतात. बेंगळूरूची निवेदी संस्था प्रमुख पशुरोगांचा सुमारे दोन महिने आधी जिल्हानिहाय अंदाज देते. तोही मागच्या नोंदी जेवढ्या पूर्ण, तेवढाच भरवशाचा.

पशुपालक माहिती का देईल?

ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून लम्पी त्वचारोग राज्यात पसरू लागला, तेव्हा गुरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली. रोग कळवणाऱ्याचा तोटा लगेच होतो, फायदा मात्र पुढच्या गावाला मिळतो. राज्याने मृत गायीला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत जाहीर केली. ज्याची गाय मेली त्याला कळवण्याचे कारण मिळाले. ज्याची गाय फक्त आजारी पडली आणि दूध आटले, त्याला ते तेवढे मिळाले नाही.

म्हणूनच कुणाला काय दिसावे हे आधी ठरवावे लागते. पशुधन विकास अधिकाऱ्याला गोठ्यापर्यंतचा तपशील लागतो, कारण त्याला तिथे जायचे असते. शेजारच्या जिल्ह्याला गाव पुरते, संशोधकाला तालुका आणि आठवडा पुरतो. दूध खरेदीदार किंवा विमा कंपनीला मालकाचे नाव कळण्याचे काही कारण नाही. ते एकदा फुटले की त्या गावातून पुढचा नमुना येत नाही. नमुना येत राहण्याचा दुसरा उपाय अगदी साधा आहे: निकाल पशुपालकालाही कळवणे, तोही मराठीत आणि वेळेत. कोणती चाचणी झाली, ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे या वेळी नेमके काय आणि आता गाय वेगळी बांधायची की नाही, एवढे तीन ओळींच्या एसएमएसमध्ये मावते.