ऑन्कोमाउस

कर्करोगाच्या संशोधनासाठी जनुकीय बदल करून घडवलेला प्रयोगशाळेतील उंदीर. ‘हार्वर्ड उंदीर’ म्हणूनही परिचित. १९८०च्या दशकाच्या आरंभी हार्वर्डमध्ये फिलिप लेडर व टिमोथी स्ट्यूअर्ट यांनी उंदराच्या फलित अंड्यात कर्कजनुक सोडले. ते पुढील पिढ्यांतही उतरले व माद्यांना स्तनांच्या गाठी होऊ लागल्या. १२ एप्रिल १९८८ रोजी अमेरिकेने त्याला पेटंट दिले. सस्तन प्राण्याचे हे पहिलेच. लोकांना उंदराच्या यातनांइतकाच हा मालकीहक्कही खुपला. युरोपात प्राणिहक्कवादी व धार्मिक संघटनांनी हरकती घेतल्या. २००४ मध्ये तेथील पेटंट फक्त उंदरांपुरते उरले. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २००२ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी प्राण्याचे पेटंटच नाकारले. संशोधकही कुरकुरत होते, पण ते पेटंटाचे हक्क मिळालेल्या ड्यूपाँट कंपनीच्या परवान्याच्या जाचक अटींवर.