कर्करोग संशोधनासाठी धर्मादाय अनुदान : अर्ज करण्यापूर्वी

कर्करोगावरील संशोधनासाठी प्रयोगशाळा उभारावयाची तर मोठा निधी लागतो. रुग्णालये व सेवासंस्थांच्या विश्वस्त मंडळांवर कार्य करणाऱ्या आपल्या वाचकांसाठी, असा निधी मागताना ध्यानी घ्यावयाच्या बाबी आम्ही येथे संकलित करीत आहोत.

दानातून संशोधन कसे उभे राहते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. त्यांच्या स्मरणार्थ पती सर दोराबजी टाटा यांनी १९३२ साली या रोगावरील संशोधनासाठी ट्रस्ट स्थापन केला. पुढे सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या निधीतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. १९५७ साली ते केंद्रीय आरोग्य मंत्रालयाकडे व १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे गेले. दानाने वास्तू उभी राहिली. ती चालविण्याचा नित्याचा भार मात्र पुढे शासनाने उचलला.

म्हणूनच दाता विचारतो : अनुदान संपल्यावर ही प्रयोगशाळा कोण चालविणार? यंत्राच्या किमतीबरोबरच त्याची वार्षिक देखभाल, रसायने, वीज व तंत्रज्ञांचे वेतन यांचा अंदाज अर्जात हवा आणि ती रक्कम कोठून येईल, हेही स्पष्ट लिहावे.

अर्जाचा गाभा म्हणजे संशोधनाचा प्रश्न. आपल्या भागातील कोणता कर्करोग, कोणते रुग्ण, किती काळ अभ्यासणार, हे नेमकेपणाने मांडावे. रुग्णांचा सहभाग असल्यास नैतिकता समितीची मान्यता व रुग्णाची लेखी संमती अनिवार्य समजावी. सोबत न्यासाचे नोंदणी प्रमाणपत्र, लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्तांचा ठराव आणि आयकर कायद्याखालील नोंदणी जोडावी.

कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. हा निधी घेऊन उपक्रम राबवू इच्छिणाऱ्या संस्थेस १ एप्रिल २०२१ पासून 'सीएसआर-१' हा नमुना भरून नोंदणी करणे आवश्यक झाले आहे.

परदेशी देणगीबाबत अधिक दक्षता हवी. परकीय योगदान नियमन कायद्यात २०२० साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशी देणगी भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. प्रशासकीय खर्च २० टक्क्यांहून अधिक करता येत नाही. मिळालेली रक्कम दुसऱ्या संस्थेकडे वर्गही करता येत नाही. एका न्यासाने देणगी घेऊन ती रुग्णालयास द्यावी, हा मार्ग आता बंद आहे. ज्या संस्थेची प्रयोगशाळा, तिनेच नोंदणी करून अर्ज करावा.

अनुदान मिळाल्यावर प्रत्येक रुपयाचा हिशेब व कामाचा अहवाल वेळेवर द्यावा. बंद खोलीत धूळ खात पडलेले यंत्र रुग्णाच्या उपयोगाचे नसते आणि पुढच्या अर्जाची वाटही तेच अडविते, हे विश्वस्तांनी विसरू नये, अशी आमची विनंती आहे.