छायाचित्र-कालांकन

छायाचित्र कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी घेतले, याची नोंद त्या चित्राबरोबरच जतन करण्याची पद्धती. प्रारंभी ही नोंद छायाप्रतीच्या पाठीवर हाताने केली जाई.

कॅमेऱ्यातच नोंद करण्याचा उल्लेखनीय प्रयत्न ईस्टमन कोडॅक कंपनीने १९१४ मध्ये केला. हेन्री गेस्मन यांच्या शोधावर आधारलेल्या ‘ऑटोग्राफिक’ कॅमेऱ्याच्या पाठीमागे एक लहान झडप असे. ती उघडून धातूच्या लेखणीने फिल्मच्या आवरक कागदावर मजकूर लिहावयाचा व काही सेकंद प्रकाश आत येऊ द्यावयाचा. अक्षरे दोन चित्रांमधील मोकळ्या पट्टीत उमटत. ही पद्धती १९३२ मध्ये बंद पडली. पुढे १९८० नंतरच्या दशकात नारिंगी आकडे थेट चित्रावर उमटविणारे कॅमेरे रूढ झाले. त्यांनी दिनांक दिला. पण चित्राचा कोपरा कायमचा विद्रूप केला.

अंकीय छायाचित्रणात ही नोंद दृश्य चित्राबाहेर, मात्र त्याच फाइलीत गेली. जपानमधील ‘जेईआयडीए’ या संघटनेने १९९५ मध्ये ‘एक्झिफ’ हे मानक सिद्ध केले. त्याच्या खुणा ‘टिफ’ या संकेतावर आधारलेल्या आहेत. त्यांत वर्ष, महिना व दिवस यांमध्येही अपूर्णविराम येतो, उदा., ‘२००२:०४:०१ ०९:३०:००’. खूण क्र. ३०६ फाइलीतील बदलाची, ३६८६७ मूळ क्षणाची व ३६८६८ अंकीकरणाची वेळ दर्शविते. या तिन्हींची गल्लत वारंवार होते. शिवाय २०१६ च्या २·३१ आवृत्तीपर्यंत ग्रिनिच वेळेपासूनचे अंतर नोंदविण्याची सोयच या मानकात नव्हती. त्यामुळे मुंबईची वेळ लावलेल्या कॅमेऱ्याने लंडनमध्ये हिवाळ्यात घेतलेले चित्र साडेपाच तास पुढचे ठरते.

पायथन या संगणक भाषेसाठी फ्रेड्रिक लुंड यांनी १९९५ मध्ये चित्रसंस्करणाचा संच रचला. २०१० मध्ये त्यातून ‘पिलो’ हा संच निघाला. त्याच्या साहाय्याने या खुणा थोड्या ओळींत वाचता येतात. अपूर्णविरामांची रचना दिनांक-वाचक फलनाला स्पष्टपणे सांगावी लागते. तसेच नवी प्रत साठविताना नोंद पुन्हा सोपविली नाही, तर ती गळून पडते. नोंद बदलणेही तितकेच सोपे आहे. घड्याळ चुकलेल्या कॅमेऱ्याची शेकडो चित्रे दुरुस्त करणाऱ्यास ते वरदान होय. पुराव्याची छाननी करणाऱ्यास मात्र तीच अडचण ठरते, कारण या खुणांवर कोणतीही मोहर नसते. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ (अंमल १ जुलै २०२४) याच्या कलम ६३ खालील प्रमाणपत्रात फाइलीचे हॅश मूल्य नमूद करावयाचे असते. ते मूल्य काढल्यानंतर फाइलीत बदल झाला किंवा नाही, हे त्यावरून कळते. आधीच बदललेला दिनांक त्यावरून उघड होत नाही.