चाकरी आणि जीवितकार्य

नोकरीस लागणाऱ्या तरुणास हल्लीं आरंभींच विचारण्यांत येतें कीं, पुढील तीस वर्षांचा तुमचा बेत काय? प्रश्न रास्त आहे. परंतु पोटाची चाकरी आणि आयुष्याचें कार्य हीं दोन्हीं एकच असावयाचीं, असें त्यांत गृहीत धरलेलें असतें. पुष्कळांच्या बाबतींत तसें घडत नाहीं. मग काय करावें, याचें उत्तर मला रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या चरित्रांत सांपडलें. तेंच आज आपणांपुढें ठेवितों.

सरदेसाई यांचा जन्म 1865 सालीं रत्नागिरी जिल्ह्यांत गोविल या गांवीं झाला. बी. ए. झाल्यावर 1889 सालीं ते बडोद्यास सयाजीराव महाराजांचे वाचक म्हणून चाकरीस राहिले. महाराजांस ग्रंथ वाचून दाखवावे, ते सांगतील त्या पुस्तकांचीं भाषांतरें करावीं, राजपुत्रांस शिकवावें, असें त्या चाकरीचें स्वरूप होतें. इतिहासकार होण्यासाठीं त्यांस कोणी नेमिलें नव्हतें.

राजपुत्रांस हिंदुस्थानचा इतिहास शिकवावा, तर मराठींत सोईचें पुस्तक नाहीं. म्हणून त्यांनीं टिपणें काढण्यास आरंभ केला. तीं वाढत वाढत 1898 सालीं ‘मुसलमानी रियासत’ हा ग्रंथ बाहेर पडला, आणि 1902 पासून ‘मराठी रियासत’ प्रसिद्ध होऊं लागली. त्याच काळांत राजवाडे, खरे, पारसनीस प्रभृति संशोधक जुनीं पत्रें उजेडांत आणीत होते. नवीन कागद हातीं आला कीं सरदेसाई आपलें जुनें लिखाण मोडून पुन्हां लिहीत. छापून झालेल्या ग्रंथास असा हात लावावयास मोठें धैर्य लागतें; कारण त्यांत आपली चूक आपणच जाहीर करावी लागते.

1925 सालीं, वयाच्या साठाव्या वर्षीं, ते सेवानिवृत्त झाले. त्याच वर्षीं जर्मनींत शिकत असलेला त्यांचा तरुण पुत्र श्यामकांत वारला. दुसरा एखादा मनुष्य येथेंच खचला असता. सरदेसाई कामशेतला जाऊन राहिले आणि कामास लागले. पुण्याच्या पेशवे दफ्तरांत मोडी कागदांचे हजारों रुमाल बांधून पडले होते. त्यांतील निवडक कागद प्रसिद्ध करण्याचें काम मुंबई सरकारनें त्यांजकडे सोंपविलें, तेव्हां त्यांचें वय चौसष्ट होतें. थोड्याच वर्षांत त्यांनीं 45 खंड संपादून दिले. पुढें 1946 ते 1948 या काळांत मराठ्यांचा नवा इतिहास तीन खंडांत इंग्रजींत लिहिला, तेव्हां ते ऐंशी ओलांडून गेले होते. 1959 सालीं त्यांचें देहावसान झालें.

आतां कोणी म्हणेल कीं, त्यांस महाराजांचा आश्रय होता आणि जदुनाथ सरकारांसारखा मित्र होता. तें खरें आहे. आश्रयावांचून इतकें काम झालें नसतें. परंतु आश्रय ज्यास लाभला त्या प्रत्येकानें रियासत लिहिली नाहीं. जदुनाथांची मैत्रीही त्यांस कामामुळेंच जडली. वर्षानुवर्षें पत्रें लिहून त्यांनीं ती राखिली.

हें मी बोलतों त्यास एक कारण आहे. मी केवळ मॅट्रिक झालेला शाळामास्तर. इतिहास शिकवितांना मीही वह्या भरल्या होत्या. परंतु दरसाल त्याच वहींतून तेच धडे सांगितले, आणि सेवानिवृत्तीनंतर घर आवरतांना त्या साऱ्या वह्या रद्दीवाल्यास दिल्या. सरदेसाई यांच्या विद्वत्तेशीं माझी तुलना मी करीत नाहीं. पण टिपणें तर आम्हीं दोघांनींही विद्यार्थ्यांसाठींच काढलीं होतीं! त्यांनीं तीं वाढविलीं, मीं तीं नुसतीं वापरलीं.

जे शिक्षकबंधु अद्यापि नोकरींत आहेत, त्यांस माझी विनंती इतकीच कीं, आपली वही दरसाल तपासावी, तींत नवें घालावें, चुकलेलें खोडावें. ज्यांची नोकरी संपली, त्यांनींही दिवस मावळला असें समजूं नये. आमच्या गांवच्या शाळेचीं जुनीं हजेरीपटें माळ्यावर पडून आहेत. त्यांची यादी करण्यास मीं गेल्या महिन्यापासून आरंभ केला आहे.