चोरओटी, गिरणी आणि खाडा : गरोदरपणाची पहिली तपासणी उशिरा का होते? (थ्रेड)

गरोदर स्त्रीने पहिल्या बारा आठवड्यांत नाव नोंदवावे, असा आज आरोग्यखात्याचा आग्रह असतो. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पहिल्या तिमाहीत तपासणी झालेल्या माता सुमारे ७० टक्केच भरल्या. उरलेल्यांच्या माथी सहसा ‘अज्ञान’ हा शब्द मारला जातो. इतिहास पाहिला तर हा शब्द फार सोयीचा वाटू लागतो.

मुळात ‘लवकर’ ही कल्पनाच सव्वाशे वर्षांच्या आतली. १९०१ मध्ये एडिंबरोच्या जॉन विल्यम बॅलंटाइन यांनी प्रसूतीपूर्व उपचारांसाठी स्वतंत्र रुग्णालयाची मागणी केली, आणि तेथील प्रसूतिगृहात अशा स्त्रियांसाठी खाट राखली गेली. एक खाट! तोवर वैद्यकाची गाठ पडे ती कळा सुरू झाल्यावर, आणि तीही बहुधा बाई अडल्यावरच. पुढे १९२९ मध्ये ब्रिटिश आरोग्य मंत्रालयाने वेळापत्रक आखले, त्यातली पहिली भेट होती सोळाव्या आठवड्यात. आज ‘उशिरा आली’ म्हणून जिला बोल लावला जातो, ती त्या कागदावर वेळेवर ठरली असती.

त्याआधी खात्री तरी कशी पटावी? पाळी चुकते ती अशक्तपणानेही, अंगावर पाजत असतानाही. बर्लिनमधील आशहाइम आणि झोंडेक यांची लघवीची चाचणी १९२७-२८ मधली. तिच्यासाठी उंदरांना टोचून काही दिवस थांबावे लागे. सामान्य स्त्रीची खूण एकच, पोटात बाळ फिरणे. म्हणजे चौथा-पाचवा महिना. इंग्लंडच्या १८०३ च्या कायद्यात तर गर्भपाताची शिक्षासुद्धा याच क्षणाच्या आधी व नंतर अशी वेगवेगळी होती.

कळले तरी सांगायचे कधी, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात गाजावाजा न करता, घरच्याघरी ओटी भरतात. तिचे नावच चोरओटी. कुठे चोरचोळी म्हणतात. चारचौघांत डोहाळजेवण व्हायचे ते बरेच पुढे, बहुधा सातव्यात. पहिल्या महिन्यांत गर्भ टिकेलच याचा भरवसा नसल्याने हे मौन पाळले जाई, आणि जिचा गर्भ आधी एकदा पडला असेल तिचे तोंड तर अधिकच बंद. सरकारी वही नाव मागते ते नेमक्या याच महिन्यांत.

काही स्त्रियांना मात्र सांगण्याची किंमत पैशांत मोजावी लागे. १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने बाळंतपणाच्या आधी व नंतर सहा-सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा करार संमत केला. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूतिभत्त्याचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. मातेला मिळणारी विश्रांती हे राष्ट्राचे हित आहे आणि म्हणून तिचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलावा, असेही त्यांनी सुचवले. १९२९ चा कायदा झाला, पण भत्ता गिरणीमालकाच्या खिशातून द्यायचा ठरला. यातली मेख उघड आहे. कामगार बाईचे पोट दिसू लागले की ते मालकाला खर्च म्हणून दिसणार. मग ते शक्य तितके उशिरा दिसावे हेच तिच्या फायद्याचे. कायदा चांगला होता. पैसे कोणी द्यायचे एवढेच चुकले, आणि आंबेडकरांनी बोट नेमके तिथेच ठेवले होते.

गिरण्या गेल्या, तरी हा हिशेब संपलेला नाही. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीला निघालेले जोडपे मुकादमाच्या वहीत एक ‘कोयता’ म्हणून लागते. उचल आधीच घेतलेली असते. गावच्या अंगणवाडीत नाव असले तरी फडापासून दवाखाना दूर, आणि तपासणीला जायचे म्हणजे कामाचा खाडा. खाड्याचे पैसे त्या उचलीच्या हिशेबात कापले जातात.