दारूवर घड्याळाचा पहारा

दारूबंदी हा शब्द आपल्या परिचयाचा. पण दारूविक्रीला वेळेचे बंधन घालण्याचा इतिहास आपण क्वचितच पाहतो. तो पाहावा इंग्लंडात. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले. तोफगोळ्यांच्या कारखान्यांतील काम मजुरांच्या दारूमुळे खोळंबते, असे सरकारला वाटले. १९१५ साली नेमलेल्या नियंत्रण मंडळाने एकेका प्रदेशात रोजच्या विक्रीचे तास साडेपाचांवर आणले : दुपारी अडीच, सायंकाळी तीन. गुत्त्यांप्रमाणे दुकानांवरही बंधने आली. १९१८ मध्ये युद्ध संपले. पण १९२१ च्या कायद्याने गुत्त्यांची दुपारची टाळेबंदी कायम केली. आठवड्याच्या कामाच्या दिवसांपुरती ती उठायला १९८८ साल उजाडले. पुढे २००५ पासून इंग्लंड व वेल्समध्ये, परवान्यात मुभा असल्यास, कोपऱ्यावरच्या किराणा दुकानालाही अहोरात्र दारू विकता येऊ लागली. शेजारच्या स्कॉटलंडने मात्र २००९ पासून दुकानांतील विक्री सकाळी १० ते रात्री १० एवढीच ठेवली. युद्धकाळी हिशेब तोफगोळ्यांचा होता. पुढे इंग्लंडात तो गिऱ्हाइकाच्या सोयीचा झाला, स्कॉटलंडात लोकांच्या प्रकृतीचा. म्हणून वेळेचा कोणताही नियम तपासताना, तो कोणाच्या हितासाठी केला आणि ते कारण अद्याप उरले आहे काय, हे आपण आधी विचारले पाहिजे.