हातपंप का मोडत होते? इंडिया मार्क दोनची कथा

पंपाचा अभ्यास आपण हेड, डिस्चार्ज आणि कार्यक्षमता यांपासून सुरू करतो. पंप न मोडता किती दिवस चालेल, हा प्रश्न मागे राहतो. आपल्या देशात १९७० च्या दशकात नेमका तोच प्रश्न ऐरणीवर आला.

१९६६-६७ च्या बिहारमधील दुष्काळानंतर युनिसेफच्या मदतीने कठीण खडकात विंधन विहिरी खोदण्याचे काम वाढले. त्यांवर ओतीव लोखंडाचे हातपंप बसवले गेले. त्यांची रचना युरोप-अमेरिकेतील घरगुती पंपांवरून घेतली होती. तिथे एक कुटुंब पंप वापरी, इथे अख्खे गाव. दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले. विहिरीत पाणी होते, पण गावाला मिळत नव्हते.

दोष कुठे होता, हे हिशेबाने पाहू. वातावरणाच्या दाबावर पाणी फार तर १०.३ मीटर वर ओढता येते. म्हणून खोल विहिरीत सिलिंडर पाण्यातच सोडावा लागतो. समजा पाणी ३० मीटर खोल आहे आणि दट्ट्याचा व्यास ६३.५ मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ सुमारे ३१.७ चौरस सेंटिमीटर, म्हणून दट्ट्यावर सुमारे ९५ किलो भार येतो. सळ्यांचे वजन वेगळेच. मिनिटाला ४० वेळा, दिवसाला आठ तास पंप हापसला, तर वर्षाला सुमारे ७० लाख वेळा हा भार दांड्याच्या सांध्यावर पडतो. झीज तिथेच होणार.

यावर पहिले उपयोगी उत्तर महाराष्ट्रात सापडले. जालना आणि सोलापूर येथे विहिरींचे काम करणाऱ्या मिशनरी कार्यशाळांनी पोलादी, एकाच सांध्याचे पंप तयार केले. सोलापूरच्या रचनेचा आधार घेऊन भारत सरकार, युनिसेफ आणि चेन्नईतील रिचर्डसन अँड क्रुडास यांनी इंडिया मार्क दोन घडवला. कोइमतूर परिसरात त्याच्या चाचण्या झाल्या.

त्याची रचना लक्षात घ्या. सांध्यात बॉल बेअरिंग आहेत. दांड्याच्या टोकाला वर्तुळखंड आणि साखळी असल्याने सळई सरळ रेषेतच ओढली जाते. साखळी ढकलू शकत नाही. सळ्या स्वतःच्या वजनाने खाली जातात. म्हणून उथळ विहिरीत, जिथे सळ्या हलक्या पडतात, हा पंप तितका चांगला चालत नाही. या रचनेवर कोणाची मक्तेदारी ठेवली नाही. आयएस ९३०१ या भारतीय मानकानुसार अनेक कारखाने तो बनवू लागले.

एक अडचण उरली. दट्ट्याचा वॉशर बदलायचा तर सगळे पाइप उपसावे लागत. त्यासाठी गाडी आणि माणसांचे पथक हवे. १९८० च्या दशकात कोइमतूरलाच पुन्हा प्रयोग झाले. चामड्याऐवजी नायट्राइल रबर आले. मार्क तीनमध्ये पाइप इतका रुंद केला, की दट्ट्या त्यातूनच वर काढता येतो. पाइप जड आणि महाग झाला, पण दुरुस्ती गावातल्या मेकॅनिकच्या आवाक्यात आली.

तुमच्या भागात बंद हातपंप दिसला, तर आधी विचारा: यातला कोणता भाग झिजला, आणि तो बदलायला कोणाला, किती लांबून यावे लागते?